बीसीजीने गमावलेला तुकडा

क्षयरोगाचा संसर्ग ओळखणारी जी त्वचाचाचणी शंभराहून अधिक वर्षे जगभर चालत आली, ती जन्माला आली औषध म्हणून. आणि औषध म्हणून ती सपशेल फसली. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू जगापुढे मांडला. पुढे १८९० मध्ये त्यांनी या रोगावर उपायही सापडल्याचे जाहीर केले. घटक मात्र गुपित ठेवले. रोग्यांची रीघ बर्लिनकडे लागली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे पेशाने डॉक्टर. तेही त्या नोव्हेंबरात बर्लिनला धावले आणि मनात शंका घेऊनच परतले. शंका रास्त होती. ते ‘औषध’ म्हणजे ग्लिसरीन घातलेल्या द्रवात वाढवलेले क्षयाचे जिवाणू उष्णतेने मारून, आटवून, गाळून काढलेला अर्क होता; त्यालाच पुढे ट्युबरक्युलिन म्हणू लागले. त्याने रोग बरा होईना, उलट काही रोगी दगावले.

पण त्या फजितीतून एक निरीक्षण हाती लागले. ज्यांच्या शरीरात क्षयाचा जिवाणू आधीच शिरलेला असे, त्यांना हा अर्क टोचला की जोराची प्रतिक्रिया येई. इतरांना फारसे काही होत नसे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ मध्ये याचाच उपयोग करून त्वचेवरची चाचणी बसवली. पाठोपाठ फ्रान्सच्या शार्ल मांतू यांनी तो अर्क बारीक सुईने त्वचेच्या थरातच टोचण्याची रीत आणली. आपल्याकडे डॉक्टर ‘मॉन्टूक्स करून घ्या’ म्हणतात ती हीच. १९३० च्या दशकात अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी त्या अर्कातली घाण काढून पीपीडी नावाचे प्रमाणित द्रव्य तयार केले, आणि चाचणीला शिस्त आली.

शिस्त आली, पण मूळ दुखणे राहिलेच. पीपीडीमध्ये एक-दोन नव्हे, शेकडो प्रथिने आणि त्यांचे तुकडे असतात. त्यांतली पुष्कळशी क्षयाच्या जिवाणूची एकट्याची मालमत्ता नाही. त्याच कुळातले अनेक निरुपद्रवी जिवाणू मातीत आणि पाण्यात राहतात, त्यांच्यातही तीच प्रथिने सापडतात. बीसीजीच्या लशीतला जिवाणू तर सख्खा नातलग. त्यामुळे पीपीडी टोचून प्रतिकारयंत्रणेला प्रश्न विचारणे म्हणजे साक्षीदाराला अख्ख्या गावाचा फोटो दाखवून ‘यातलं कुणी ओळखीचं आहे का?’ असे विचारणे. उत्तर ‘हो’ येते. पण कुणाला ओळखले, ते कळत नाही. भारतासारख्या देशात, जिथे जन्मताच बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी टोचतात, तिथे हाताला आलेली गाठ संसर्गाची की लशीची, असा घोळ होतो. लहानपणी दिलेल्या बीसीजीचा हा परिणाम वाढत्या वयाबरोबर कमी होतो हे खरे, पण ज्या लहान मुलांच्या बाबतीत निर्णय घाईने घ्यायचा असतो, नेमकी तिथेच चाचणी डळमळते.

प्रतिकारयंत्रणा जिवाणू अख्खा ओळखत नाही. ती त्याचे भाग ओळखते: एखादे प्रथिन, एखादी साखरेची साखळी, एखादा स्निग्ध रेणू. अशा ओळखल्या जाणाऱ्या भागाला अँटिजेन किंवा प्रतिजन म्हणतात. करोनाच्या साथीत हा शब्द घराघरांत पोचला. म्हणजे नेमका प्रश्न विचारायचा तर क्षयाच्या जिवाणूकडे आहे, पण बीसीजीकडे आणि मातीतल्या बहुतेक भाऊबंदांकडे नाही, असा अँटिजेन हवा. असा काही असेल का?

याचे उत्तर बीसीजीच्या जन्मकथेतच दडले होते. आल्बेर काल्मेत आणि कामिय गेरँ या दोघा फ्रेंच संशोधकांनी १९०८ पासून लील शहरात गुरांच्या क्षयाचा जिवाणू पित्त घातलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी जुन्या वाढीतला अंश उचलून नव्या कापावर लावायचा, एवढेच काम. मधे पहिले महायुद्ध आले, लील जर्मनांच्या ताब्यात गेले, बटाटे मिळेनात. तरी दोघांनी नेम मोडला नाही. १३ वर्षांत २३० वेळा. १९२१ पर्यंत त्या जिवाणूची रोग करण्याची खोड गेली होती. ती कशी गेली, हे त्या दोघांना सांगता येणे शक्यच नव्हते. जनुक कशाचे बनलेले असते हेही तेव्हा कोणाला माहीत नव्हते.

कारण कळायला आणखी ७५ वर्षे लागली. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी रोगकारक जिवाणू आणि बीसीजी यांचे डीएनए एकमेकांशी ताडून पाहिले. बीसीजीत एक सलग पट्टा गायब होता: सुमारे साडेनऊ हजार अक्षरांचा. क्षयाच्या जिवाणूची सगळी जनुकसंहिता ४४ लाख अक्षरांची असते, हे दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, तिचे पूर्ण वाचन झाल्यावर कळले. ४४ लाखांत साडेनऊ हजार म्हणजे किरकोळच. पण हा पट्टा, आरडी-१, बीसीजीच्या सगळ्या वाणांत गैरहजर आहे, आणि बीसीजी सौम्य होण्याचे मुख्य कारणही तोच आहे.

दुसरीकडे कोपनहेगनच्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटमध्ये पीटर अँडरसन आणि सहकारी क्षयाचा जिवाणू वाढताना आसपासच्या द्रवात कोणकोणती प्रथिने सोडतो ते तपासत होते. १९९५ मध्ये त्यांनी एका चिमुकल्या प्रथिनाचे वर्णन केले. नाव ठेवले ईसॅट-६. अवघ्या ९५ अमिनो आम्लांची माळ. संसर्ग झालेल्या प्राण्यांच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, याला पाहून खवळून उठत. पाठोपाठ त्याचा जोडीदार सीएफपी-१० सापडला, १०० अमिनो आम्लांचा. या दोघांची जनुके शेजारीशेजारी आहेत; आणि ती आहेत बीसीजीने गमावलेल्या त्याच पट्ट्यात. विज्ञानात असे दोन धागे इतके बिनबोभाट जुळताना क्वचितच दिसतात.

आता प्रश्न होता तो ही प्रथिने पुरेशी मिळवायची कशी. क्षयाचा जिवाणू हवेतून पसरतो. त्याला हाताळायला विशेष सुरक्षेची, आतली हवा गाळल्याशिवाय बाहेर जाऊ न देणारी प्रयोगशाळा लागते. शिवाय तो कमालीचा आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास २० तास लागतात. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हेच काम २० मिनिटांत उरकतो. तेव्हा क्षयाच्या जिवाणूला हात न लावता त्याचे फक्त एक जनुक घ्यायचे आणि ई. कोलायकडून काम करून घ्यायचे, हा सरळ मार्ग. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका जिवाणूत परके जनुक घालून दाखवले, तेव्हापासून ही वाट खुली आहे; मधुमेह्यांचे इन्सुलिन याच वाटेने आले. अशा परक्या यजमानाकडून बनवून घेतलेल्या अँटिजेनला रिकॉम्बिनंट अँटिजेन म्हणतात.

प्रयोगशाळेत हे काम कसे चालते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. ईसॅट-६ चे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यात बसवतात आणि ते कडे ई. कोलायमध्ये सोडतात. जनुकाच्या टोकाला मुद्दाम एक शेपटी जोडलेली असते: ओळीने सहा हिस्टिडिन. हिचे काम पुढे येईल. संध्याकाळी एक वसाहत उचलून थोड्या द्रवात टाकतात, सकाळी ते मोठ्या फ्लास्कमध्ये ओततात आणि फ्लास्क ३७ अंशांवर शेकरवर गरगरत ठेवतात. दोनेक तासांत पिवळसर नितळ द्रव गढूळ होतो. गढूळपणा यंत्रावर ठरावीक आकड्याला पोचला की आयपीटीजी नावाच्या रसायनाची चिमूट पडते. हा इशारा. तोवर गप्प बसलेले परके जनुक जागे होते आणि पुढचे तीन-चार तास ई. कोलाय स्वतःची कामे बाजूला ठेवून ईसॅट-६ बनवत सुटतो.

मग सेंट्रिफ्यूज. तळाशी बसलेला जिवाणूंचा गोळा बर्फात ठेवून ध्वनिलहरींनी फोडतात. कित्येकदा इथेच घात होतो: घाईने बनलेले प्रथिन नीट घडी न घालता गाठोडी होऊन बसलेले असते. मग युरियाच्या तीव्र द्रावणात ती गाठोडी सोडवायची आणि युरिया हळूहळू काढून प्रथिनाला पुन्हा घडी घालू द्यायची. यात विद्यार्थ्यांचे आठवडेच्या आठवडे जातात. सगळे सुरळीत गेले तर तो रस निकेलचे मणी भरलेल्या नळीतून सोडतात. हिस्टिडिनची शेपटी निकेलला चिकटते, बाकीचे वाहून जाते. शेवटी इमिडाझोलचे द्रावण ओतले की आपले प्रथिन सुटून खाली येते. ते खरेच तेच आहे का, हे जेलवर पाहायचे. निळ्या रंगात बुडवून काढलेल्या जेलवर, अगदी खालच्या बाजूला, एक ठळक निळी रेघ. एकच रेघ दिसली की काम फत्ते.

निदान तसे वाटते. खरी कटकट त्या न दिसणाऱ्या रेघांची असते. आपल्या आतड्यात ई. कोलाय जन्मभर राहतो, आणि आपल्या रक्तात त्याच्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, आधीच असतात. अँटिजेनमध्ये ई. कोलायचा अंशभर मळ राहिला तरी धडधाकट माणसाचे रक्त ‘पॉझिटिव्ह’ दाखवते, आणि दोष बिचाऱ्या अँटिजेनवर येतो. टी-पेशींच्या प्रयोगात तर याहून वाईट: ई. कोलायच्या आवरणातला एंडोटॉक्सिन हा रेणू अत्यल्प प्रमाणातही पांढऱ्या पेशींना भडकवतो. नवे अँटिजेन सापडल्याच्या किती बातम्या मुळात एंडोटॉक्सिनच्या होत्या, याचा हिशेब कोणी मांडला तर तो करमणुकीचा होईल. म्हणूनच डॅनिश संस्थेने माणसाला टोचायची चाचणी बनवताना ई. कोलाय टाळून लॅक्टोकोकस लॅक्टिस हा चीज बनवताना वापरला जाणारा जिवाणू निवडला. त्याच्या आवरणात एंडोटॉक्सिन नसतेच.

ईसॅट-६ आणि सीएफपी-१० यांचा बाजारातला पहिला मोठा उपयोग मात्र त्वचाचाचणीत नव्हे, रक्तचाचणीत झाला. तिचे मूळ गोठ्यात आहे. ऑस्ट्रेलियात गुरांचा क्षय ओळखण्यासाठी गाईचे रक्त ट्युबरक्युलिनबरोबर रात्रभर ठेवून त्यातल्या टी-पेशी गॅमा इंटरफेरॉन हे संदेशवाहक प्रथिन सोडतात का, हे मोजण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस निघाली. तीच माणसांसाठी आली, आणि ट्युबरक्युलिनच्या जागी या दोन प्रथिनांचे तुकडे बसले. आपल्याकडच्या मोठ्या लॅबमध्ये ‘इग्रा’ किंवा ‘टीबी गोल्ड’ म्हणून होते ती ही चाचणी. यातले तुकडे रसायनशाळेत जुळवलेले असतात, जिवाणूकडून बनवून घेतलेले नव्हेत. पण कोणते तुकडे घ्यायचे हे रिकॉम्बिनंट प्रथिनांवरच्या प्रयोगांनीच ठरवले. चाचणी चांगली आहे. मात्र ती महाग आहे, तिला ताजे रक्त आणि सुसज्ज लॅब लागते. गडचिरोलीच्या उपकेंद्रात ती कशी करणार?

तिथे पुन्हा सुईच कामाची. ट्युबरक्युलिनसारखीच हातावर टोचायची, पण आत फक्त ही दोन रिकॉम्बिनंट प्रथिने असलेली चाचणी रशियात २००८ पासून वापरात आहे. चीननेही आपली बनवली. कोपनहेगनच्या चाचणीचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाकडे आले आणि ‘साय-टीबी’ नावाने २०२२ मध्ये भारतात तिला मंजुरी मिळाली. (दोन्ही संस्थांच्या नावात सीरम आहे, पण त्या दोन वेगळ्या संस्था आहेत; एक डेन्मार्क सरकारची, दुसरी हडपसरची.) त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या तिन्ही चाचण्यांना मान्यता दिली.

वाचायची रीतही सोपी. कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूला ०.१ मिलिलिटर टोचले की त्वचेवर लहानसा पांढुरका फुगवटा उठतो. उठला नाही तर सुई खोल गेली, पुन्हा टोचायचे. ४८ ते ७२ तासांनी हात पाहायचा. नवशिक्या आरोग्यसेवकाची नजर लालीवर जाते, पण लाली मोजायची नसते. बोटांना लागणारी टणक गाठ मोजायची. बॉलपेन बाहेरून आत सरकवत नेले की गाठीच्या कडेला ते अडते, तिथे खूण करायची. ट्युबरक्युलिनला सर्वसाधारणपणे १० मिलिमीटरची मर्यादा, एचआयव्हीबाधितांना ५. साय-टीबीला सगळ्यांना ५, बीसीजी घेतलेली असो वा नसो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तिथे रुग्णाच्या घरातल्या माणसांची पडताळणी अशा साध्या आकड्यावर येणे ही छोटी गोष्ट नाही.

अर्थात ईसॅट-६ हीसुद्धा क्षयाच्या जिवाणूची एकट्याची मालमत्ता नाही. कुष्ठरोगाच्या जिवाणूत ईसॅट-६ चा जुळा भाऊ आहे, आणि मायकोबॅक्टेरियम कन्सासीसारख्या काही मोजक्या नातलगांकडेही तो आढळतो.

क्षयाचा जिवाणू आळशी असला तरी निदान वाढतो. सिफिलिसच्या जिवाणूची तऱ्हा वेगळी. ट्रेपोनेमा पॅलिडम १९०५ मध्ये दिसला, पण काचेच्या भांड्यात तो सलग वाढवणे २०१८ पर्यंत कोणाला जमले नव्हते. १९१२ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाकडून मिळवलेला त्याचा वाण शंभर वर्षे सशांच्या वृषणांत एका सशाकडून दुसऱ्याकडे असा जिवंत ठेवला गेला, आणि खात्रीच्या निदानासाठी लागणारे अँटिजेन त्यातूनच काढत. एका चाचणीमागे किती ससे, हा हिशेब प्रत्येक लॅबला करावा लागे. मग या जिवाणूची १७ आणि ४७ किलोडाल्टनची प्रथिने ई. कोलायमध्ये बनू लागली, आणि बोटाच्या टोकातून काढलेल्या थेंबभर रक्तावर पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणाऱ्या पट्ट्या निघाल्या. गरोदर बाईची एचआयव्ही आणि सिफिलिस तपासणी आता एकाच पट्टीवर होऊ शकते. ससे सुटले.

कोकणातला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरा जिवाणूमुळे होणारा रोग, हेही असेच उदाहरण. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने हा रोग धसका घेऊन पाहिला. भातखाचरात राबणाऱ्यांना तो आधीपासून ठाऊक आहे. त्याची जुनी प्रमाण चाचणी करायची तर लेप्टोस्पायराचे अनेक वाण जिवंत पाळावे लागतात, आणि ते काम मोजक्याच लॅबना झेपते. म्हणून रोगकारक लेप्टोस्पायरांतच ठळकपणे आढळणारे लिपएल-३२ हे प्रथिन संशोधकांच्या खास पसंतीचे आहे.

तरी रिकॉम्बिनंट पद्धतीला मूळचीच एक मर्यादा आहे. जनुकापासून प्रथिन बनते. साखरेची साखळी किंवा चरबी थेट बनत नाही. विषमज्वराच्या विडाल चाचणीतला ‘ओ’ अँटिजेन साखरेचा, सिफिलिसच्या व्हीडीआरएलमधला कार्डिओलिपिन चरबीचा. एक जनुक उचलून ई. कोलायमध्ये टाकले आणि हे मिळाले, असे होत नाही.

दुसरी मर्यादा माणसांची आहे, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. शुद्ध अँटिजेन हाती आले म्हणजे चाचणी चांगली झाली, असा समज धंद्याला फार सोयीचा पडतो. क्षयाच्या अँटिबॉडी रक्तात शोधणारे संच, त्यांतले काही रिकॉम्बिनंट अँटिजेनवर बेतलेले, भारतात वर्षानुवर्षे धडाक्यात विकले गेले. पण क्षयाशी झुंज मुख्यतः टी-पेशींची असते. अँटिबॉडी कोणाला होतात, कोणाला होत नाहीत. आणि ज्या देशात कोट्यवधी लोकांच्या शरीरात जिवाणू निमूट पडून आहे, तिथे निरोगी माणसातही त्या सापडतात. २००८ मध्ये अशा १९ झटपट संचांची तुलना झाली, तेव्हा खरे रुग्ण ओळखण्याचे त्यांचे प्रमाण १ ते ६० टक्के एवढे विखुरलेले निघाले. नाणेफेकीवर विसंबण्यासारखेच हे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘हे वापरू नका’ असे सांगितले. क्षयाच्या बाबतीत तिने असा नकार प्रथमच दिला. यांतले बरेच संच युरोप-अमेरिकेत बनत आणि गरीब देशांत खपत. भारत सरकारने जून २०१२ मध्ये त्यांची आयात, निर्मिती आणि विक्री बंद केली.

संशोधनात मात्र ईसॅट-६ या अँटिजेनने एक मजेशीर पेच उभा केला आहे. टी-पेशींना खवळवणारे प्रथिन लशीसाठीही उत्तम, म्हणून ईसॅट-६ घातलेल्या प्रायोगिक लशी बनल्या. पण अशी लस उद्या सगळ्यांना दिली तर ईसॅट-६ वर बेतलेल्या चाचण्या लस घेतलेल्या प्रत्येकाला पॉझिटिव्ह दाखवू लागतील, आणि शंभर वर्षांपूर्वीचा बीसीजीचा घोळ नव्या रूपात परत येईल. ज्या एम-७२ या लशीची मोठी अंतिम चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली, तीही रिकॉम्बिनंट प्रथिनांचीच आहे. पण तिच्यातली दोन प्रथिने वेगळी आहेत, आणि ईसॅट-६ त्यात नाही. एकच अँटिजेन लशीला आणि चाचणीला दोघांना देता येत नाही. वाटणी आधीच ठरवावी लागते.

वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे. साय-टीबी किंवा इग्रा पॉझिटिव्ह आली म्हणजे क्षयरोग झाला असे नव्हे. जिवाणू शरीरात शिरला आहे, एवढेच कळते. अशा शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. तेव्हा आधी छातीचा एक्स-रे आणि गरजेप्रमाणे थुंकीची तपासणी करून रोग नाही याची खात्री करावी, मग प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. उलट चाचणी निगेटिव्ह आली, पण खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर थुंकी तपासलीच पाहिजे. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या हातावर गाठ येतही नाही. आणि रक्तातल्या अँटिबॉडी पाहून टीबीचे निदान करून देतो असे कोणी म्हणाले, तर त्या चाचणीवर देशात २०१२ पासून बंदी आहे, हे त्याला सांगावे आणि पैसे वाचवावेत.